लेकीची पहिली मॅच

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला आणि लगेच फोनच लावणार होतो, पण म्हटलं नको, हे पाच मिनिटांत घाईघाईत सांगायचं काम नाही, रात्री सगळे झोपले की निवांत लिहू. तू पोराला पहिल्यांदा स्टेडियममध्ये फुटबॉल मॅचला नेणार म्हणतोस हे वाचून इतकं भारी वाटलं ना, खरंच! दोन दप्तरं ठेवून गोलपोस्ट करायचो आपण आणि बॉल आतून गेला की दप्तराच्या वरून गेला यावर अंधार पडेपर्यंत भांडायचो, आणि आता तू मला विचारतोयस की एवढ्याशा पोराला घेऊन कुठे बसू.

तू दोन प्रश्न विचारलेस, त्याला कळेल का आणि तो बसेल का. माझी लेक गेली तेव्हा पाच पूर्ण होती, तुझा साडेचारचा, म्हणजे फार फरक नाही. खरं सांगू का, तिला मॅच कळली नाही आणि ती बसलीही नाही, आणि तरी ती मॅच आमच्या दोघांच्या जन्मभर लक्षात राहील. म्हणून जसं घडलं तसं सांगतो, त्यातून तुला हवं ते घे.

आत गेल्यावर जिना चढून वर आलो, समोर अख्खं मैदान, आणि मी तिच्या तोंडाकडे बघतोय की आता ही काय म्हणते. ती म्हणाली, "बाबा, ही माणसं एवढीशी का?" मला आधी कळेचना. मग लक्षात आलं की हिने आजवर फुटबॉल फक्त टीव्हीवर बघितलाय, तिथे कॅमेरा खेळाडूच्या नाकापर्यंत जातो, घाम दिसतो, इथे मात्र पलीकडच्या गोलकीपरचं बोट नाही तर अख्खा गोलकीपर बोटाएवढा. नंतर पुढचा प्रश्न, "बोलणारे काका कुठेयत?" म्हणजे कॉमेंट्री. आणि मॅच सुरू झाल्यावर पहिला जोरदार शॉट बारवरून गेला तेव्हा, "आता परत दाखव." परत दाखवायला इथे काही नसतं हे तिला सांगताना मलाच कसंतरी झालं. स्टेडियमच्या स्क्रीनवर कधी दाखवतात, कधी नाही, त्या दिवशी नाही दाखवलं. तेव्हा तुला पहिलं सांगणं हे की जायच्या आधी दोनचार दिवस त्याला हे सांगून ठेव, माणसं लहान दिसतील, कुणी समजावून सांगणार नाही, आणि एकदा झालेलं परत दिसणार नाही. नियम नाही सांगितलेस तरी चालेल, ऑफसाइड तर अजिबात नको, मोठ्यांना समजावताना आपली दमछाक होते.

बसायचं कुठे. आम्ही कॉर्नरच्या बाजूला, खालून साधारण पंधराव्या रांगेत, रांगेतल्या अगदी कडेच्या दोन सीट घेतल्या होत्या. कडेची सीट घेच, कारण मधे बसलास की प्रत्येक वेळी दहा जणांचे गुडघे ओलांडून बाहेर पडावं लागतं, आणि पोरांना बाहेर पडायचं असतंच. गोलच्या मागे, जिथे ढोल आणि गाणी म्हणणारे पक्के फॅन्स असतात, तिथे पहिल्यांदा नको. तिथले लोक अख्खी मॅच उभे असतात, पोराला समोरच्याची पाठ सोडून काही दिसणार नाही. फॅमिली स्टँड वेगळा असेल तर तोच घे. आणि मॅच पण डर्बी (एकाच शहरातल्या दोन टीमची चुरशीची), फायनल असली नको, मधली कुठलीतरी लीगची, गर्दी कमी असलेली, उजेडात संपणारी. मोठी मॅच तुला बघायची असेल, त्याला नाही.

आणि लवकर पोच, एक तास तरी आधी. मी या बाबतीत जरा हट्टी आहे, कारण गेटवरची शेवटच्या क्षणाची ढकलाढकली मला सहन होत नाही. १९८९ ला इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियममध्ये गर्दीत चेंगरून लिव्हरपूल टीमच्या ९७ फॅन्सचा जीव गेला, त्यात सगळ्यात लहान मुलगा १० वर्षांचा होता, आणि त्यानंतर इंग्लंडच्या वरच्या लीगच्या मैदानांवर सगळ्यांना सीट असलीच पाहिजे असं ठरलं. तुला घाबरवत नाहीये, आताची व्यवस्था खूपच बरी असते, पण लेकीचा हात धरून गर्दीत शिरताना मला ते आठवतंच. लवकर गेलो तर फायदाही होतो, वॉर्मअप बघायला मिळतो, तेव्हा मैदानावर एकाच वेळी वीस बॉल फिरत असतात आणि पोरांसाठी तो मॅचपेक्षा भारी प्रकार असतो. निघताना त्याचा त्या दिवशीच्या कपड्यातला एक फोटो मोबाईलमध्ये काढून ठेव, आणि मनगटावर पट्टी बांधून त्यावर तुझा आणि वहिनींचा नंबर लिही. बायकोने हे सुचवलं होतं, मला तेव्हा जास्तीचं वाटलं होतं, आता वाटत नाही.

आता कानांचं, आणि इथे माझ्याकडून जी चूक झाली ती नीट वाच.

स्टेडियममधला आवाज पोरांच्या कानांना खरंच जास्त असतो. ८५ डेसिबलचा आवाज मोठा माणूस दिवसात आठ तास सहन करू शकतो असं धरतात, आणि वर दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते, म्हणजे १०० वर पोचेपर्यंत जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. गोल झाला की गर्दी १०० च्या पुढे आरामात जाते. म्हणून लहान मुलांचे आवाज अडवणारे इअरमफ मिळतात ते घे, गाणी ऐकायचे हेडफोन नाहीत, आणि कापसाचे बोळे तर नाहीतच. घरी दोनचार दिवस घालून सवय कर, नाहीतर तिथे काढून फेकतो.

आमच्या पोरीने छान घातले होते. वीसेक मिनिटं झाली असतील, पलीकडच्या गोलकीपरने बॉल लांब मारला आणि ही माझी बाही ओढायला लागली. "बाबा, आवाज उशिरा आला." मी म्हटलं कसला आवाज. "त्याने मारला, मग टप्प झालं." मी तीस वर्षं फुटबॉल बघतोय रे, कधी लक्ष गेलं नव्हतं! मैदान १०५ मीटर लांब, त्यात आमची सीट आणखी मागे, म्हणजे तो कीपर जवळजवळ १२० मीटरवर, आणि आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे पाय लागलेला दिसल्यावर साधारण एक तृतीयांश सेकंदाने आवाज पोचणार. तिने बरोबर पकडलं होतं. मग तिचा तोच खेळ झाला, कीपर बॉल मारायला आला की डोळे बारीक करून बघायचं आणि टप्प ऐकू आलं की माझ्याकडे बघून हसायचं. आणि ते टप्प नीट ऐकू यावं म्हणून तिने इअरमफ काढून गळ्यात अडकवले. मी बघितलं. म्हटलं राहू दे, आत्ता शांतच आहे.

आणि नेमका तेव्हा आपल्या टीमचा गोल झाला.

सगळे उठले, मी पण उठलो, दोन्ही हात वर, आणि जे ओरडलोय ना... मला माझं भानच नव्हतं. किती सेकंद गेले माहीत नाही, खाली बघतो तर ही सीटवर उभी, चारी बाजूंनी मोठ्या माणसांची अंगं, गोल तिला दिसलाच नव्हता, तिला फक्त माझा चेहरा दिसत होता आणि ती रडत होती. दोन्ही हात कानांवर. उचलून घेतली आणि स्टँडच्या मागच्या पॅसेजमध्ये नेली. तिथे पायरीवर बसलो, मांडीवर घेतली, हुंदके थांबले तेव्हा तिने विचारलं, "तू कुणावर ओरडलास?"

अरे, तिने मला असं ओरडताना कधी बघितलंच नव्हतं. घरी टीव्हीवर अख्खी मॅच बघतो ती लेक झोपल्यावर, आवाज बारीक करून, गोल झाला तरी उशीवर मूठ आपटून गप्प बसतो. तिच्या लेखी एवढं मोठ्याने माणूस फक्त रागावला की ओरडतो. आनंदाने पण असंच ओरडतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगायचं काम माझं होतं. तू घरी हे आधी करून घे, दोघं मिळून गोल म्हणून जोरात ओरडा, वहिनींना पण घ्या, त्याला तुझं ते तोंड ओळखीचं होऊ दे. आणि मॅचमध्ये बॉल कुठल्याही गोलजवळ आला की त्याला आधीच कडेवर घे, म्हणजे लोक उठले तरी त्याची नजर वर राहील.

तिथे पायरीवर दहा मिनिटं बसलो. तिथल्या एका स्टुअर्ड बाईंनी, म्हणजे गर्दी सांभाळणाऱ्या, येऊन विचारलं सगळं ठीक ना, हिला बाहेर जायचं असतं तर बाहेर पण सोडलं असतं. मी तिला विचारलं घरी जायचं का, आणि मनाची तयारी केली होती, अगदी मनापासून. ती म्हणाली, "टप्पवाला काका अजून आहे?" म्हणून परत आलो. हाफटाइम जवळ आला होता, ४० व्या मिनिटालाच टॉयलेट उरकून घेतलं (हे लक्षात ठेव, शिट्टी वाजल्यावर गेलास तर पंधरा मिनिटांचा ब्रेक लाइनमध्येच संपतो).

सेकंड हाफमध्ये कानांवर इअरमफ, मांडीवर बसली होती. रेफरीने पिवळं कार्ड काढलं तेव्हा तिला मी केन ॲस्टनची गोष्ट सांगितली, की एका रेफरी आजोबांना गाडी चालवताना सिग्नल बघून सुचलं, पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे थांब, आणि १९७० च्या वर्ल्ड कपपासून कार्डं आली. तिला ते एका झटक्यात कळलं. मग प्रत्येक फाउलला "सिग्नल दाखव" असं ती रेफरीला सांगत होती.

आणि मग समोरच्या टीमने गोल केला. आमचा अख्खा स्टँड गप्प, टाचणी पडली तरी ऐकू येईल असा, आणि माझ्या मांडीवरून ही दोन्ही हात वर करून पूर्ण ताकदीने, "गोऽऽल!" तेव्हा तिने तो स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता, बॉल जाळीत जाताना, जाळी फुगताना. पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. पुढचे एक पांढऱ्या केसांचे आजोबा, त्यांच्या टीमवर नुकताच गोल झालेला, त्यांनी हात पुढे केला आणि हिने त्यावर टाळी दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तुला सांगायला काय लाजायचं.

मॅच १-१ सुटली. उठायची घाई केली नाही आम्ही, आणि तूही करू नको, पंधरा मिनिटं बसून राहा, गर्दी ओसरू दे. तेव्हा मैदानावर चारपाच माणसं हातात काट्यासारखं अवजार घेऊन आली आणि बुटांनी उखडलेलं गवत एकेक करून परत दाबून बसवायला लागली. ती ते रेलिंगला धरून बघत राहिली. "त्यांना लागलं का?" म्हणाली. गवताला.

परत येताना झोपेल असं वाटलं होतं, पण नाही. मी विचारलं कोण आवडलं सगळ्यात जास्त, मला वाटलं कीपर म्हणेल. ती म्हणाली, "ती ताई." कोण ताई? कॉर्नरच्या झेंड्याजवळ स्टुलावर बसलेली बारातेरा वर्षांची बॉल गर्ल, जी बॉल बाहेर आला की धावत जाऊन आणायची, खेळाडूकडे फेकायची आणि परत येऊन बसायची. मी अख्ख्या मॅचमध्ये तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. माझ्या लेकीने बहुतेक निम्मा वेळ तेच बघितलं. आता घरी आल्यापासून संध्याकाळी मी बॉल घेतला की ही खेळायला येत नाही, सोफ्याच्या कडेला तिचं छोटं स्टूल ठेवते आणि पाठ ताठ करून बसते. बॉल कपाटाखाली गेला की धावते, पोटावर झोपून काढते, दोन्ही हातांनी माझ्याकडे देते आणि काही न बोलता परत स्टुलावर. काल मी मुद्दाम तीन वेळा कपाटाखाली मारला.

तर तू तिकीट काढ, आणि कुठल्या रांगेचं मिळालं ते कळव. इअरमफ आमच्याकडचे तुझ्या पोराला बसतील असं वाटतं, मी पाठवून देतो, हिला विचारलंय, ती म्हणाली काकांच्या बाळाला दे पण परत आण. वहिनींना नमस्कार सांग. आणि मॅचहून आल्यावर रात्री कितीही वाजू देत, फोन कर, त्याने काय काय बघितलं ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय.

तुझाच