उच्च शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र : दहावी आणि पीयूसीच्या मधले दोन महिने आमच्या पोरांना द्या

प्रति,
माननीय उच्च शिक्षण मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू.

सर, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातली. जांबोटीहून कणकुंबीकडं जाताना आत एक फाटा लागतो, तिथं आमचं गाव. पहिली ते दहावी मराठी माध्यम, मग बेळगावात पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) सायन्स, मग व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मेकॅनिकल, आणि आता बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइनला आहे. आमच्या घरात माझ्या आधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. हे एवढ्यासाठी सांगितलं की पुढं जे लिहितेय ते ऐकीव नाही, अंगावरून गेलेलं आहे.

दहावीला मला गणितात ९४ होते, विज्ञानात ९१. बाबांनी गावात पेढे वाटले. जूनमध्ये पीयूसीला सायन्स घेतलं आणि पहिल्याच टेस्टला फिजिक्समध्ये नापास, केमिस्ट्रीत काठावर, आणि ज्या गणितासाठी हायस्कूलच्या सरांनी पाठ थोपटलेली त्या गणितात मला प्रश्न काय विचारलाय हेच कळलं नव्हतं. तीन महिन्यांत माझं डोकं कुठं गेलं ओ सर? मी तीच होते की. फळ्यावर मोमेंटम लिहिलेलं असायचं आणि मला संवेग माहीत होता. व्हॅलन्सी म्हणजे आपली संयुजा, रिफ्रॅक्शन म्हणजे अपवर्तन, क्वाड्रॅटिक म्हणजे वर्गसमीकरण, हे सगळं मला येत होतं, उदाहरणं तोंडपाठ होती, पण नाव दुसरं होतं आणि ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारायला हात वर करायचा तर तो पण इंग्लिशमध्ये करायचा, म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसायला लागले. आई म्हणायची, जमेना झालंय तर सोड की बाई, जीव काढून शिकू नकोस.

दिवाळीच्या सुट्टीत मी एक दोनशे पानी वही घेतली आणि मधे उभी रेघ मारली. डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं इंग्लिश. दहावीचं पुस्तक एका मांडीवर, पीयूसीचं दुसऱ्या मांडीवर, असं करत एकेक शब्द जुळवला. जानेवारीपर्यंत मला परत फिजिक्स आवडायला लागलं. पण माझ्या वर्गात खानापूरकडची आणि येळ्ळूर, कडोली, बेळगुंदीची मिळून आम्ही अकराजणं मराठी माध्यमातून आलेली होतो, त्यातली सेकंड पीयूला सायन्समध्ये राहिलो चौघं. बाकीचे कॉमर्सला, आर्ट्सला गेले, दोघं आयटीआयला, एकजण गोव्याला हॉटेलात कामाला. माझ्या बाकावरची मैत्रीण गणितात माझ्यापेक्षा चांगली होती, खरंच सांगते, मी तिच्याकडून बहुपदी शिकलेली. तिनं ऑक्टोबरमध्येच दाखला काढला. तिला ती वही मिळाली असती तर, हे मला अजून वाटतं, आणि हे पत्र लिहायचं कारण पण तेच आहे.

आधीच सांगते, हे पत्र कन्नडच्या विरोधात नाही. मी कन्नड शिकले, कारखान्यात दिवसभर कन्नडमध्येच बोलते, आणि हलग्यापलीकडून येणारी कन्नड माध्यमाची पोरं पण पीयूसीत अशीच रडतात हे मी बघितलंय. बेळगावातल्या उर्दू माध्यमाच्या मुलींची तर आमच्याहून वाईट अवस्था. तिकडं बिदरला भालकी-औरादच्या, इकडं जोयडा-हल्याळच्या मराठी पोरांचं वेगळं काय असणार? सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचं काय व्हायचं ते होईल, पोरं मात्र यंदाच्या जूनमध्ये वर्गात बसणार आहेत.

बरं, हे नुकसान होतं हे सरकारला माहीत नाही असं पण नाही. इंजिनिअरिंगसारख्या कोर्ससाठी राज्याची जी सीईटी ही प्रवेश परीक्षा असते, तिच्या ॲडमिशनमध्ये पहिली ते दहावी कन्नड माध्यमात शिकलेल्यांना ५ टक्के जागा आहेत, ग्रामीण भागात शिकलेल्यांना १५ टक्के. म्हणजे मातृभाषेत शिकलेलं पोरगं सायन्सला आलं की मागं पडतं, ते हुशारी कमी म्हणून नाही, हे आपल्या सरकारनंच मान्य केलेलं आहे, आणि योग्यच केलंय, मी स्वतः ग्रामीणच्या जागेवर इंजिनिअरिंगला लागले. पण जागा मिळणं आणि त्या जागेवर टिकणं यात फार मोठं अंतर आहे. सीईटीला एका विषयाचे ६० प्रश्न ८० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या जरा वर, आणि पेपर इंग्लिश नाहीतर कन्नडमध्ये. आमचं पोरगं त्या सव्वा मिनिटातली वीस-पंचवीस सेकंद मनातल्या मनात भाषांतर करण्यात घालवतं. जेईई आणि नीटला मराठी पेपर आहे, पण तो फक्त महाराष्ट्रातल्या सेंटरवर, म्हणजे बेळगावच्या पोरानं त्यासाठी सेंटर कोल्हापूरचं घ्यायचं.

तरी मी सीईटी मराठीत घ्या असं म्हणत नाही. २०२१ मध्ये एआयसीटीईनं, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, मराठी, कन्नडसकट आठ भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, चांगलं आहे, पण माझं मत विचाराल तर आमच्याकडच्या पोरांचं त्यानं भागणार नाही, कारण उद्यमबागेत ड्रॉइंग इंग्लिशमध्ये येतं, सॉफ्टवेअर इंग्लिशमध्ये असतं, गिऱ्हाईकाचा मेल इंग्लिशमध्ये असतो. पोरांना इंग्लिशमध्ये जायचंच आहे सर, फक्त मधल्या ओढ्यावर साकव नाही. पावसाळ्यात आमच्याकडं साकव वाहून गेला की पलीकडच्या गावाची शाळा बंद पडते, पोरं तीच असतात आणि मास्तर पण तेच असतात.

तर मागणी अशी. दहावीची परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये संपते आणि पीयूसी जूनच्या सुमाराला सुरू होते. मधल्या काळात पोरं काजू गोळा करतात, लग्नात वाढपी म्हणून जातात, मोबाईल बघतात. तेव्हा प्रत्येक तालुक्यात, निदान खानापूर, बेळगाव, निपाणी एवढ्या ठिकाणी तरी, सहा आठवड्यांचा ब्रिज कोर्स ठेवा. नवीन काही शिकवू नका, दहावीचंच गणित-विज्ञान परत, पण दोन्ही भाषांत. सकाळी संवेग म्हणून शिकलेलं दुपारी मोमेंटम म्हणून सोडवायचं. आणि रोज प्रत्येकानं एक तरी प्रश्न मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये विचारायचा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ती लाज एकदा मोडली की पुढचं पोरं स्वतः करतात.

शिकवणार कोण, तर माणसं आहेत की. व्हीटीयूच्या मुलांना डिग्री मिळायच्या आधी १०० ॲक्टिव्हिटी पॉइंट पूर्ण करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत गावच्या शाळांना मदत करणं हे आधीच लिहिलेलं आहे. आम्ही पॉइंट कसे भरले ते सांगते, झाडं लावली, फोटो काढले, रिपोर्ट जोडला. त्याऐवजी मराठी, उर्दू, कन्नड माध्यमातून वर आलेल्या थर्ड इयर-फायनल इयरच्या पोरांना त्यांच्याच तालुक्यात सहा आठवडे शिकवायला लावा आणि ते पॉइंट द्या, वर येण्याजाण्याचा आणि जेवणाचा खर्च द्या. वर्ग रिकामेच असतात तेव्हा. पीयूसी तुमच्या खात्यात नाही, शालेय शिक्षण खात्याकडं आहे, ते माहीत आहे मला, पण व्हीटीयू तुमच्याकडं आहे, आणि तुम्ही दोघा मंत्र्यांनी एकदा एकत्र बसल्याशिवाय हे होणार नाही, कारण आमची पोरं बरोबर या दोन खात्यांच्या मधल्या फटीतच पडतात.

व्हीटीयूला हे नवीन पण नाही. डिप्लोमा करून लॅटरल एन्ट्रीनं थेट सेकंड इयरला येणाऱ्या मुलांचं गणित कच्चं राहतं म्हणून त्यांना ॲडिशनल मॅथेमॅटिक्स असतं. बाहेरच्या राज्यातून आलेल्यांना कन्नड येत नाही म्हणून त्यांच्यासाठी बळके कन्नड, म्हणजे वापरापुरतं कन्नड, असतं. दोन्ही बरोबर आहे. मग भाषेमुळं एम वनला, म्हणजे पहिल्या सेमच्या गणितात, नापास होऊन बॅक लागणाऱ्यांसाठी त्या सेमच्या आधी तीन आठवडे का नकोत? बॅक लागली की घरची माणसं समजतात पोरगीला झेपत नाही, आणि मुलगी असेल तर पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येतात. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही पाच मुली होतो आणि चौघींनी डिग्री घेतली, पाचवीची गोष्ट हीच आहे.

पैशाबद्दल थोडं. एआयसीटीईची प्रगती स्कॉलरशिप मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं तर. मला ती कळली थर्ड इयरला, आणि नवा अर्ज पहिल्या वर्षालाच करावा लागतो. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ती होती म्हणे, इंग्लिशमध्ये, चौथ्या कागदाच्या खाली. निपाणीकडं विडी कामगारांच्या पोरांना केंद्राच्या कामगार खात्याची स्कॉलरशिप आहे, विड्या वळणाऱ्या किती बायकांना ती माहीत आहे? हॉस्टेल न मिळालेल्या पोरांना राज्य सरकारच्या विद्यासिरी योजनेतून जेवणा-खोलीला महिना थोडे पैसे मिळतात, दहा महिने, पण बेळगावात आज तेवढ्यात जेवण पण भागत नाही, खोलीचं तर सोडाच. एक हॉस्टेल हवं, सायन्स-इंजिनिअरिंगच्या खेड्यातल्या मुलींचं. शक्ती योजनेनं २०२३ पासून सरकारी बसला मुलींना तिकिटाचे पैसे नाहीत, त्याचा फार मोठा उपयोग झालाय, मनापासून सांगते, पण लॅब संपून स्टँडवर येईपर्यंत आमच्याकडची गाडी गेलेली असते, आणि फुकट तिकिटानं गेलेली गाडी परत येत नाही.

मला दोन माणसं फार आठवतात. एक म्हणजे कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत. १९३३ साली आपल्या बेंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला, नाकारणारे साक्षात सी. व्ही. रामन. त्या हटल्या नाहीत, शेवटी अटी घालून त्यांना घेतलं, आणि १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. ही गोष्ट शाळेत सगळे सांगतात, पण एक सांगायचं राहतं, की त्यांचे वडील आणि काका दोघंही त्याच संस्थेत शिकलेले होते. भांडायचं कुठं आणि कुणाशी हे त्या घराला माहीत होतं. जांबोटीच्या पोरीला तर प्रिन्सिपलच्या केबिनचं दार ढकलायचं की ओढायचं इथपासून सुरुवात असते. म्हणून कॉलेजात अशा पोरांसाठी एक माणूस नेमा, त्यांची भाषा बोलणारा, ज्याचं काम फक्त हेच असेल.

दुसरे विश्वेश्वरय्या. त्यांच्या नावाचं विद्यापीठ, म्हणजे व्हीटीयू, बेळगावजवळ आमच्या मच्छ्याला आहे. मुद्देनहळ्ळीचा, वडील लहानपणीच गेलेला मुलगा, बेंगळुरूत शिकवण्या करून बीए झाला, मग म्हैसूर सरकारच्या मदतीनं पुण्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकला. कन्नड मुलगा, मराठी शहर, आणि फी भरायला त्याचं सरकार पाठीशी. खडकवासल्याला १९०३ मध्ये आपोआप उघडणारे दरवाजे बसवले ते त्याच मुलानं. त्या मदतीला किती खर्च आला असेल आणि ती मिळाली नसती तर काय झालं असतं, हा हिशोब तुमच्या खात्यात कुणीतरी एकदा करावा.

डिसेंबरमध्ये अधिवेशनाला तुम्ही बेळगावच्या सुवर्णसौधला येता. तिथून जांबोटी तासाभराचा रस्ता आहे. रविवारी सकाळी दहा ते एक मी तिथं एका खोलीत पीयूसीच्या पोरांना बसवते, यंदा चौदा आहेत, त्यात नऊ मुली. याल तर त्यांच्याशी कन्नडमध्ये बोला, त्यांना येतं, आणि फिजिक्समधलं काहीही विचारा.

मूळ पत्र पोस्टानं पाठवलंय, त्याला माझ्या वहीची झेरॉक्स जोडली आहे. फिजिक्स आणि गणित बऱ्यापैकी झालंय, केमिस्ट्रीचं ऑरगॅनिक अर्धवट आहे आणि बायोलॉजी मी घेतलंच नव्हतं त्यामुळं ती पानं कोरी आहेत. तेवढी तुमच्या खात्यातल्या जाणकारांकडून भरून घ्या, उर्दूसाठी तिसरी रेघ मारा, आणि मार्चच्या आत छापून पाठवा, म्हणजे एप्रिलला वापरता येईल.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक मेकॅनिकल इंजिनिअर