मदतीची सुरुवात गरजूच्या यादीपासून व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्रात मदतीची आवाहने नेहमी प्रसिद्ध होतात आणि वाचकही त्यांना मनापासून प्रतिसाद देतात. मी गेली चौदा वर्षे एका लहानशा धर्मादाय संस्थेत समन्वयक म्हणून विनावेतन काम करते. दाते, स्वयंसेवक आणि ज्यांना मदत हवी आहे अशी माणसे यांची गाठ घालून देणे हेच माझे काम आहे. आवाहन छापून आल्यानंतर पुढे काय काय घडते, ते वाचकांपर्यंत फारसे पोहोचत नाही असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे. शेवटी आपल्याला एक विनंतीही करायची आहे.

संस्थेने एका हाताने घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने द्यायचे, एवढेच तिचे काम, असा सर्वसाधारण समज असतो. सुरुवातीला माझाही तोच होता, आणि तो एका व्हीलचेअरने दूर केला. पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या एका आजींसाठी आम्ही आवाहन केले होते. दोनच दिवसांत एका सद्गृहस्थांनी नवी कोरी, उत्तम प्रतीची खुर्ची आणून दिली. दोन स्वयंसेवक ती उत्साहाने घेऊन गेले आणि ती आजींच्या खोलीच्या दारात अडकली. दार २४ इंचांचे होते आणि खुर्ची २६ इंचांची. दुसरी, अरुंद खुर्ची मिळेपर्यंत चार महिने गेले, आणि तेवढा काळ ती नवी खुर्ची बाहेर आणि आजी आत, अशी स्थिती राहिली. दात्याचे यात काही चुकले नव्हते, आजींच्या घरच्यांचेही नाही. चूक माझी होती, कारण मी विचारलेच नव्हते. तेव्हापासून आमच्या अर्जावरचा पहिला प्रश्न ‘घरातील सर्वांत अरुंद दाराची रुंदी किती?’ हा आहे, आणि ती रुंदी अंदाजाने सांगितलेली चालत नाही. स्वयंसेवक टेप घेऊन घरी जातो आणि स्वतः मोजून येतो.

मदतीचा ओघ दात्याच्या मनातून सुरू होतो आणि गरजूच्या दारात येऊन अडकतो, हे मोठ्या प्रमाणावरही वारंवार घडलेले आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनारी भागात जुन्या कपड्यांचे ट्रक इतके आले की रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग साचले. त्यात उष्ण, दमट किनाऱ्यावर कोणीही घालणार नाही असे लोकरीचे कपडेही होते. ‘गूंज’ या संस्थेला हे टाकलेले कपडे गोळा करून, निवडून, पुन्हा वापरात आणण्याचेच वेगळे काम हाती घ्यावे लागले. २०१२ मध्ये अमेरिकेतील न्यूटाउन येथे शाळेत झालेल्या गोळीबारानंतर जगभरातून आलेल्या टेडी बेअर खेळण्यांची संख्या ६० हजारांच्या वर गेली, म्हणजे गावाच्या लोकसंख्येच्या दुपटीहून अधिक, आणि शोकात बुडालेल्या त्या गावाला ती ठेवायला गोदाम शोधावे लागले. पाठवणाऱ्यांच्या भावनेविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु भावना पोहोचवण्यासाठी जे पाठवले जाते त्याचा भार उचलणारी माणसे बहुधा तीच असतात, ज्यांचे हात आधीच भरलेले असतात.

यावर उपाय निघू शकतो, आणि तो निघालेलाही आहे. माझ्या कामात मला सर्वांत उपयोगी पडलेले उदाहरण अमेरिकेतील फूड बँकांच्या, म्हणजे दानातून आलेले अन्न साठवून गरजूंपर्यंत पोहोचवणाऱ्या पेढ्यांच्या, देशव्यापी जाळ्याचे आहे. फूड बँक ही कल्पनाच मुळात ॲरिझोनातील फिनिक्स शहरात १९६७ मध्ये जॉन व्हॅन हेंगल यांनी प्रत्यक्षात आणली. पुढे देशभर अशा पेढ्या झाल्या आणि कंपन्यांकडून मिळालेले अन्न त्यांच्यात वाटण्याचे काम मध्यवर्ती कार्यालयाकडे आले. रांगेत ज्या पेढीचा क्रमांक लागेल तिला त्या दिवशी जो ट्रक उपलब्ध असेल तो देऊ केला जाई, आणि हिशेबात एक किलो म्हणजे एक किलो, मग ते बटाटे असोत की पास्ता. बटाट्याचे आगर असलेल्या आयडाहो राज्यालाच बटाटे देऊ केले जावेत, अशी ती व्यवस्था होती. २००५ मध्ये शिकागो विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांच्या मदतीने ही पद्धत बदलण्यात आली. प्रत्येक पेढीला ‘शेअर्स’ नावाचे एक मानीव चलन मिळू लागले, जिच्या परिसरात गरीब अधिक तिला ते अधिक, आणि आलेल्या मालावर पेढ्या त्या चलनात बोली लावू लागल्या. मध्यवर्ती कार्यालयाला जे इतकी वर्षे दिसत नव्हते ते मग आपोआप दिसू लागले. डब्यातील सीरियल (न्याहारीचे तयार धान्यपदार्थ) आणि पास्ता यांसारख्या टिकाऊ पदार्थांसाठी पेढ्या कितीतरी जास्त शेअर्स मोजायला तयार होत्या. ताज्या भाज्या मात्र अगदी थोड्या शेअर्समध्ये मिळत होत्या, कारण त्या सगळ्यांकडेच मुबलक होत्या. या बदलामध्ये दाते तेच होते आणि अन्नही तेच होते. ‘तुला काय हवे?’ हा प्रश्न विचारण्याची सोय तेवढी नवी होती.

एका माणसाच्या गरजेलाही हेच लागू पडते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील शिक्षक चार्ल्स बेस्ट यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या ‘डोनर्सचूज’मध्ये शिक्षक आपल्या वर्गाला नेमके काय हवे ते लिहितात, संस्था मागणी तपासते, आणि पैसे जमल्यावर ती वस्तू स्वतः खरेदी करून शाळेत पाठवते. रोख रक्कम कोणाच्याच हाती जात नाही, आणि दात्याला आपल्या देणगीचे काय झाले तेही कळते. उलट, काही ठिकाणी रोख रक्कमच थेट देणे हिताचे ठरते. केनियात मोबाइलद्वारे कुटुंबांना पैसे देणाऱ्या ‘गिव्हडायरेक्टली’ने तो मार्ग धरला आहे. कोणता मार्ग कुठे योग्य, हे गरजूला विचारूनच ठरवावे लागते.

स्वयंसेवकांविषयी मात्र मला अधिक सविस्तर लिहावेसे वाटते, कारण पैशांची चूक भरून काढता येते, पण माणसाने माणसाची निराशा केली तर ती सहजासहजी भरून निघत नाही. आमच्याकडे दृष्टिहीन विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके वाचून दाखवण्याचा उपक्रम आहे. एका तरुणाने दर शनिवारी सकाळी १० वाजता फोनवरून वाचन करण्याचे कबूल केले. तीन शनिवार तो नियमित होता. चौथ्या शनिवारी त्याचा फोन आला नाही, पाचव्यालाही नाही. सहाव्या शनिवारी त्या विद्यार्थिनीने मला फोन केला आणि विचारले, “ताई, माझे काही चुकले का? मी मध्ये मध्ये फार प्रश्न विचारत होते.” फोन न आलेल्या तीनही शनिवारी तिने दहाच्या आधीच ब्रेलची पाटी आणि कागद काढून ठेवले होते. त्या तरुणाची नोकरी बदलली होती, एवढेच कारण होते. ते एका ओळीत कळवता आले असते. आता आम्ही नव्या स्वयंसेवकाला पहिल्या भेटीतच विचारतो की, थांबायची वेळ आली तर तुम्ही ते कोणाला आणि कसे सांगाल? काहींना हा प्रश्न अपमानास्पद वाटतो. तरीही मी तो सोडणार नाही.

स्वयंसेवकांची संख्या वाढली की प्रश्न सुटला, असेही होत नाही. डेन्मार्कमधील हान्स यॉर्गन व्हिबर्ग, जे स्वतः दृष्टिबाधित आहेत, यांच्या कल्पनेतून २०१५ मध्ये ‘बी माय आइज’ हे ॲप आले. दृष्टिहीन व्यक्ती व्हिडिओ कॉल करते आणि डोळस स्वयंसेवक डब्यावरची तारीख किंवा पाकिटावरचे नाव वाचून सांगतो. तिथे नोंदणी केलेले स्वयंसेवक मदत मागणाऱ्यांच्या कित्येक पटींनी अधिक आहेत, त्यामुळे अनेकांना महिनोन्महिने कॉलच येत नाही. मला हे अपयश वाटत नाही. त्या ॲपने एकाच स्वयंसेवकावर भार न टाकता, जो त्या क्षणी मोकळा असेल त्याच्याशी गाठ घालून दिली, आणि त्यामुळे मागणाऱ्याला कोणाच्या उपकाराखाली राहावे लागत नाही. तरीही शनिवारच्या वाचनाला ही रीत चालणार नाही, कारण तिथे रोज नवा आवाज नको, ओळखीचा हवा.

ओळखीच्या आवाजापेक्षाही कधी कधी नुसते ऐकणारे कोणी हवे असते. १९५३ मध्ये लंडनमध्ये चॅड व्हॅरा या धर्मोपदेशकांनी आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. भेटायला येणाऱ्यांना थांबावे लागे, तेव्हा मदतीला आलेले स्वयंसेवक त्यांच्याजवळ बसत आणि त्यांचे ऐकून घेत. पुष्कळांना त्यानंतर व्हॅरा यांना भेटण्याची गरजच उरत नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांनी काही महिन्यांतच ते काम स्वयंसेवकांकडे सोपवले. ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्यातून उभी राहिली. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, कोण कोणाला उपयोगी पडत आहे हे व्हॅरा यांनी नीट पाहिले आणि आपली योजना त्यानुसार बदलली.

विश्वासाविषयीही दोन शब्द. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘किवा’ या संस्थेच्या संकेतस्थळावर छायाचित्र पाहून एखाद्या व्यक्तीला लहानसे कर्ज देता येत असे, आणि आपले पैसे थेट त्याच व्यक्तीला जातात, असा अनेकांचा समज होता. प्रत्यक्षात बहुतेक वेळा स्थानिक भागीदार संस्थेने ते कर्ज आधीच दिलेले असे. २००९ मध्ये अभ्यासक डेव्हिड रूडमन यांनी हे उघडपणे मांडले आणि संस्थेने आपल्या मजकुरात दुरुस्ती केली. व्यवस्था वाईट नव्हती. ती जशी होती तशी सांगायला हवी होती. आमच्या लहानशा कामातही दात्यांना ‘तुमचेच पांघरूण अमुक आजोबांना मिळाले’ असे ऐकायला आवडते. ते खरे नसेल तर मी तसे सांगत नाही, आणि त्यामुळे एक-दोन दाते दुरावल्याचेही मान्य करते. एका देणगीदार कंपनीने लाभार्थ्यांना हातात फलक देऊन उभे करण्याचा आग्रह धरला, तेव्हा आम्ही ती देणगी परत केली. बाराव्या शतकातील ज्यू विचारवंत मायमोनिडीज यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि घेणारा व देणारा एकमेकांना ओळखत नाहीत ती पायरी त्यांनी फार वरची मानली आहे. मधली संस्था हा पडदा धरू शकते, ही तिची मोठी सेवा आहे.

आणि या सगळ्याला खर्च येतो. टेप घेऊन जाणाऱ्याचे प्रवासभाडे, नोंदी, फोन, मागणी तपासणे, पोचपावती पाठवणे. ‘माझा सगळा पैसा गरजूलाच जायला हवा, प्रशासनावर नको’ असे म्हणणाऱ्या दात्यांना मी आजींच्या दाराची गोष्ट सांगते. ते मोजमाप हाच मदतीचा पहिला हप्ता असतो.

आता विनंती. काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी आवाहन छापून आले होते. पैसे जमले, शस्त्रक्रिया झाली, मुलगी बरी होऊन शाळेत जाऊ लागली. त्या आवाहनाच्या कात्रणाचे छायाचित्र मात्र अजून मोबाइलवर फिरते आहे आणि तिच्या वडिलांना अजूनही अनोळखी माणसांचे फोन येतात. प्रत्येकाला ते आभार मानून सांगतात की आता गरज नाही, आणि प्रत्येक वेळी ते जुने दुखणे नव्याने सांगतात. म्हणून आपल्या वृत्तपत्रात यापुढे आवाहन छापताना ते कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे हे ठळक अक्षरांत द्यावे, गरजेची खातरजमा कोणी केली तेही लिहावे, आणि वस्तू हवी असेल तर माप व संख्या दिल्याशिवाय ते छापू नये. गरज भागल्यावर त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत, दोन ओळींत तसे कळवावे. त्या दोन ओळी लिहून पाठवण्याची जबाबदारी आमच्यासारख्या संस्थांची राहील, आणि आमच्या संस्थेपुरती ती मी आजच स्वीकारते.

आपली नम्र,
एक वाचक व स्वयंसेवी समन्वयक