चौकटीत राहून गेलेली पहिली पायरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सोनीच्या जुन्या प्लेस्टेशन ३ या गेम कन्सोलवर कस्टम फर्मवेअर (म्हणजे कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी बाहेरच्यांनी बदललेलं सॉफ्टवेअर) टाकण्याविषयी पानभर मजकूर आला. वर लेख, त्यात हा सगळा उद्योग म्हणजे चोरीच असा सूर. आणि त्याच पानाच्या तळाशी ‘पाच सोप्या पायऱ्या’ सांगणारी चौकट! माझी हरकत दोन्हींवर आहे, पण चौकटीने नुकसान जास्त होईल म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते. मी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीची कामं करते. अशा सोप्या पायऱ्या चढून बंद पडलेले कन्सोल शेवटी आमच्यासारख्यांच्या टेबलावर येतात.

चौकट सांगते: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फोल्डरांची नावं मोठ्या इंग्रजी अक्षरांत द्या, फ्लॅश (कन्सोलचं स्वतःचं सॉफ्टवेअर साठवणारी चिप) पॅच करा, फाइल टाका, अपडेट मारा. यात चुकीचं काही नाही. पण हातातलं यंत्र यासाठी चालणारं आहे का, हे आधी बघावं लागतं आणि त्याचा चौकटीत उल्लेखच नाही. कन्सोलच्या स्टिकरवर ‘सीईसीएच’ या अक्षरांपुढे मॉडेल क्रमांक असतो. सुरुवातीचे जाडे कन्सोल, तसेच स्लिममधले (नंतरच्या पातळ कन्सोलमधले) २००० आणि २१०० मालिकेतले, यांवर कस्टम फर्मवेअर चालतं. २५०० मालिकेत काहींवर चालतं, काहींवर नाही. कारखान्यातून बाहेर पडताना आत ३.५६ किंवा त्याआधीचं सॉफ्टवेअर असलं तरच. ३००० मालिका आणि सुपर स्लिम यांवर ते बसतच नाही. तिथे ‘हेन’ नावाचा दुसरा मार्ग आहे, पण तो कन्सोल सुरू केला की दर वेळी नव्याने चालू करावा लागतो.

हा फरक का पडला, ती हकिकत मोठी मजेची आहे. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या हॅकर परिषदेत ‘फेलओव्हरफ्लो’ या गटाने दाखवून दिलं की सोनी आपल्या सॉफ्टवेअरवर जी डिजिटल सही करते (ती पटली तरच कन्सोल ते सॉफ्टवेअर चालवतो), तीत दर वेळी नवा घ्यायचा यादृच्छिक आकडा कायम एकच वापरला गेला होता. अशा दोन सह्या हाती लागल्या की साध्या बीजगणिताने कंपनीची गुप्त किल्ली काढता येते. जुन्या यंत्रांत सही तपासणारा एक भाग अपडेट पाठवून बदलता येण्यासारखा नव्हता, म्हणून ते भोक तसंच राहिलं. पुढे बनलेल्या यंत्रांत तो भागच वेगळा बसवला.

आता राहून गेलेली पायरी. पॅच लिहिण्याआधी फ्लॅश चिपमधला सगळा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यायचा असतो, त्याला आमच्याकडे डंप म्हणतात. पॅच बिघडून कन्सोल बंद पडला तर हाच परत लिहावा लागतो. सर्वांत जुन्या यंत्रांत २५६ एमबीची नँड नावाच्या प्रकारची फ्लॅश असते, नंतरच्यांत १६ एमबीची नॉर प्रकारची. त्यात प्रत्येक यंत्राचा स्वतःचा असा काही भाग असतो. तो त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरला उलगडतो, दुसऱ्याला नाही. म्हणून शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलचा डंप आणून चालत नाही. लोक नेमकं तेच घेऊन येतात, आणि वर ‘मॉडेल सेम आहे हो’ असंही सांगतात. स्वतःचा डंप असेल तर काम किचकट असलं तरी होण्यासारखं असतं: बोर्ड उघडायचा, बारीक तारा सोल्डर करायच्या, टीन्सीसारख्या छोट्या बोर्डावरून मजकूर परत लिहायचा. डंप नसेल तर मी हात लावत नाही.

डंप एकदा काढूनही भागत नाही. दोनदा काढावा आणि दोन्ही फाइली जुळवून पाहाव्यात. नॉर असेल तर फाइल बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची हवी. एक बाइट कमी भरला तरी ती फेकून पुन्हा काढावी. मग एक प्रत पेनड्राइव्हखेरीज दुसरीकडे ठेवावी. ब्राउझरमधून चालणारं जे साधन पॅच लिहितं, तेच आधी डंपही काढून देतं, त्यामुळे ‘वेळ नव्हता’ ही सबब खरी नाही. पॅच लिहिताना वीज जाऊ नये याची सोय करावी, हे वेगळं सांगायला नको. पण चौकटीत तेही नाही.

लेखातल्या ‘चोरी’विषयी. पायरेटेड गेम भरलेले कन्सोल विकणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही, आणि बदललेल्या कन्सोलवरून ऑनलाइन खेळात लबाडी करणाऱ्यांवर बंदी येते ते योग्यच आहे. पण माझं काम बघा. ब्लू-रे ड्राइव्हचा सर्किट बोर्ड मेनबोर्डशी जोडी लावून दिलेला असतो. तो जळाला आणि दुसरा बसवला तर डिस्क वाचली जात नाही. जोडी नव्याने लावायला कस्टम फर्मवेअरचा आधार लागतो. अमेरिकेतही, जिथले या बाबतीतले कायदे कडक आहेत, २०२१ मध्ये कन्सोलच्या ऑप्टिकल ड्राइव्हच्या दुरुस्तीपुरतं कंपनीचं सॉफ्टवेअर-कुलूप चुकवायला सूट मिळाली. पंख्याचा वेग वाढवून जुनं यंत्र थंड ठेवणं, कॉपी करायला मनाई असलेले खेळांचे सेव्ह दुसरीकडे उतरवून ठेवणं, यात कोणाची चोरी झाली?

आणि घेण्या-देण्याचाच हिशोब मांडायचा तर १ एप्रिल २०१० चाही मांडावा. सुरुवातीचे जाडे कन्सोल विकताना त्यांवर लिनक्स ही संगणकाची मोफत कार्यप्रणाली टाकता येईल अशी सोय होती; अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने असे १,७६० च्या आसपास कन्सोल जोडून महासंगणक उभा केला. १ एप्रिलला आलेल्या ३.२१ अपडेटने ती सोय काढून घेतली. अपडेट नाकारलं तर ऑनलाइन खेळ बंद. पैसे देऊन घेतलेली गोष्ट नंतर काढून घेण्याला आपल्या लेखकाने कोणता शब्द वापरला असता, मला उत्सुकता आहे.

चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी, ही विनंती. तोवर ज्यांनी कस्टम फर्मवेअरची फाइल उतरवून ठेवली आहे त्यांनी आधी स्टिकर बघावा आणि डंप काढावा. ज्यांचं यंत्र सुरू होऊन लगेच बंद पडतंय त्यांनी ते पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये, आणि कोणी बोर्डाला हीट गन लावतो म्हणाला तर लावू देऊ नये. फ्लॅशमधला मजकूर बिघडला असेल तर बोर्ड तापवून तो सुधारत नाही, उलट चांगले असलेले सोल्डरचे जोड सुटतात.

आपली,
एक वाचक (इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती)