बँकॉकच्या शहरदर्शनात ग्रँड पॅलेस न दाखवल्याबद्दल तक्रार

दिनांक : 3 फेब्रुवारी 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : 23 जानेवारी 2025 रोजी ठरलेली स्थळं न दाखवता दिवस दुकानांमध्ये घालवल्याबद्दल तक्रार आणि परताव्याची मागणी

महोदय,

मी, माझी 74 वर्षांची आई आणि माझा 16 वर्षांचा मुलगा असे आम्ही तिघं सांगलीहून आपल्या पटाया-बँकॉक सहलीला आलो होतो. 20 ते 24 जानेवारी अशी सहल होती. माणशी 68,500 रुपये, म्हणजे एकूण 2,05,500 रुपये आम्ही डिसेंबरमध्येच पूर्ण भरले होते. पटायातल्या दोन दिवसांबद्दल माझं काही म्हणणं नाही. हॉटेल स्वच्छ होतं, जेवण वेळेवर मिळत होतं आणि बसचे चालक अतिशय सभ्य होते. तक्रार आहे ती गुरुवारची, 23 जानेवारीची. आम्ही ही सहल घेतली ती त्या एका दिवसासाठी.

माझी आई निवृत्त चित्रकला शिक्षिका आहे. ग्रँड पॅलेसच्या आवारात पाचूच्या बुद्धाचं जे मंदिर आहे, त्याच्या भोवतीच्या ओवरीच्या भिंतींवर रामायण रंगवलेलं आहे. एकूण 178 चित्रं आहेत. जनकाला सीता सापडते तिथपासून कथा सुरू होते आणि मंदिराला प्रदक्षिणा घालत आपण ती पाहत जायची. थायलंडमध्ये या कथेला रामकियन म्हणतात. तिच्यात सीता ही रावणाचीच मुलगी आहे आणि हनुमान पांढराशुभ्र आहे. तिथे रावणाला ‘थोत्सकान’ म्हणतात, म्हणजे आपला दशकंठ. आईनं हे सगळं घरी बसून वाचून ठेवलं होतं. सोन्याचा वर्ख लावलेले मुकुट जवळून कसे दिसतात, वानरांचे चेहरे कसे वेगवेगळे काढलेत, हे तिला पाहायचं होतं. निघताना तिनं नवी स्केचवही आणि दोन पेन्सिली पिशवीत घातल्या. बुकिंग करताना आपल्या सांगलीच्या प्रतिनिधीला मी हे स्पष्ट सांगितलं होतं आणि “पॅलेसला दोन तास नक्की देऊ” असं त्यांनी व्हॉट्सअॅपवर लिहून दिलं होतं. तो मेसेज माझ्याकडे आहे.

आता त्या दिवशी काय घडलं ते वेळेसकट लिहिते, कारण मी वेळा वहीत टिपत होते.

बस सुखुम्वितच्या हॉटेलवरून 9.20 ला निघाली. आधी वाट त्रैमितला नेलं (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर). साडेपाच टन सोन्याची बुद्धमूर्ती, जिच्यावर शेकडो वर्षं चुन्याचा लेप होता आणि 1955 मध्ये मूर्ती हलवताना लेप फुटून आतलं सोनं दिसलं. लोकल गाइडनी ही गोष्ट छान सांगितली. तिथे 25 मिनिटं मिळाली, ठीक आहे. तिथून 10.35 ला आम्हाला रत्नांच्या एका शोरूममध्ये उतरवलं. सहलपत्रिकेत या शोरूमचा एका शब्दानंही उल्लेख नाही. आधी माणिक आणि नीलम यांची फिल्म दाखवली, मग मोठ्या दालनात सोडलं आणि प्रत्येक कुटुंबामागे एक विक्रेता उभा राहिला. बाहेर पडायचं दार दुसऱ्या टोकाला होतं आणि बस “अजून आली नाही” असं सांगितलं जात होतं. आई अर्ध्या तासात दमून खुर्चीवर बसली. तिथून आम्ही निघालो तेव्हा 12.50 झाले होते. सव्वादोन तास! मग प्रतुनामला जेवण. जेवणानंतर आणखी एक दुकान, चामड्याच्या वस्तूंचं आणि गाद्यांचं, तिथे 50 मिनिटं. टूर मॅनेजरना मी दोनदा जाऊन विचारलं की पॅलेस किती वाजता बंद होतो. “होईल, मॅडम, सगळं होईल,” एवढंच उत्तर मिळालं.

ग्रँड पॅलेसमध्ये पर्यटकांना सकाळी 8.30 पासून दुपारी 3.30 पर्यंतच प्रवेश मिळतो. दररोज बँकॉकला लोक नेणाऱ्या कंपनीला हे माहीत नसणं शक्य नाही. आमची बस पांढऱ्या तटाजवळ आली तेव्हा 3.40 वाजले होते. दारावरच्या शिपायानं हातानं खूण केली आणि विषय संपला. मग आम्हाला रस्त्याच्या पलीकडे उभं करून, मागे सोनेरी स्तूप येईल असा ग्रुप फोटो काढला. आई त्या फोटोत नाही. ती बसमध्येच बसून राहिली.

त्या फोटोखाली आपल्या टूर मॅनेजरनी ग्रुपवर ‘ग्रँड पॅलेस विझिट’ असं लिहिलं. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

पुढे वाट फोला 20 मिनिटं मिळाली. 46 मीटर लांबीचा निजलेला बुद्ध, त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावाची 108 शुभचिन्हं, हे सगळं आम्ही जवळजवळ पळत पाहिलं. ती चिन्हं आईला नीट पाहायची होती, पण मागून हाका सुरू होत्या. तिथल्या धक्क्यावरून नावेनं नदी ओलांडली की समोर वाट अरुण आहे, काही मिनिटांचं अंतर. पॅलेस गेला तर निदान तेवढं तरी दाखवा, अशी मी विनंती केली. सहलपत्रिकेत वाट अरुणही आहे, “नदीकाठावरून दर्शन” असं नाही, तर “भेट” असं लिहिलेलं आहे. रात्रीच्या क्रूझला उशीर होईल म्हणून नकार मिळाला. दुकानांत तीन तासांहून जास्त वेळ गेला तेव्हा उशीर कुणालाच आठवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पॅलेस उघडताच आम्ही तिघं आपापले टॅक्सीनं जाऊन परस्पर विमानतळावर पोचतो, असं मी सुचवलं. त्यालाही परवानगी मिळाली नाही. आमचे पासपोर्ट “सुरक्षिततेसाठी” टूर मॅनेजरकडे जमा होते, त्यामुळे माझा काही इलाज चालला नाही. प्रवाशांचे पासपोर्ट असे ताब्यात ठेवण्याचा आपल्याला अधिकार काय, याचं उत्तरही मला हवं आहे.

आणखी एक गोष्ट. पॅलेसमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे लागतात, हा तिथला पक्का नियम आहे. आपल्या सूचनांमध्ये फक्त “आरामदायी कपडे घालावेत” एवढंच होतं. आमच्या बसमध्ये माझ्या मुलासह किमान आठ जण हाफ पँट किंवा बिनबाह्यांच्या कपड्यांत होते. वेळेवर पोचलो असतो तरी त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं.

आणि व्हिसा. जुलै 2024 पासून भारतीय पर्यटकांना थायलंडमध्ये 60 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश होता. तरी आपल्या बिलात “व्हिसा शुल्क” म्हणून माणशी 2,500 रुपये लावलेले आहेत. पासपोर्टवर फक्त आगमनाचा शिक्का आहे.

माझ्या मागण्या अशा. पॅलेसच्या तिकिटाचे परदेशी पर्यटकांसाठी माणशी 500 बाट लागतात. ते आपण घेतलेल्या रकमेत धरलेले होते, तेव्हा तिघांचे 1,500 बाट परत करावेत. व्हिसाच्या नावाखाली घेतलेले 7,500 रुपये परत करावेत. सहलपत्रिकेत लिहिलेलं शहरदर्शन झालंच नाही, म्हणून त्या दिवसाची रक्कम हिशेब दाखवून परत करावी. त्या दोन दुकानांकडून आपल्याला किंवा आपल्या तिथल्या एजंटला कमिशन मिळतं का, याचं लेखी उत्तर द्यावं. आणि आईच्या नावानं माफीचं पत्र द्यावं. त्यावर टूर मॅनेजरची नाही, आपली सही हवी.

यापुढच्या सहलींमध्ये पॅलेस सकाळी 8.30 लाच ठेवावा. तेव्हा ऊनही कमी असतं आणि म्हाताऱ्या माणसांना चालवतं. दुकानं दाखवायचीच असतील तर ती वेळेसकट सहलपत्रिकेत छापा, म्हणजे ज्याला जायचं तो जाईल.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाणार आहे. तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही, हे मी विचारून घेतलं आहे. सहलपत्रिका, बिल, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज आणि 3.40 ची वेळ दिसणारा पॅलेसच्या बंद दाराचा फोटो सोबत जोडला आहे.

परत येताना सुवर्णभूमी विमानतळावर, आत गेल्यावर, समुद्रमंथनाचं ते मोठं शिल्प आहे. विमानाला वेळ होता. आई त्याच्यासमोर बाकावर बसली आणि वासुकीच्या फण्यांपासून तिनं रेखाटायला सुरुवात केली. देवांच्या बाजूपर्यंत पोचली तोवर बोर्डिंगची घोषणा झाली. स्केचवहीत तेवढं एकच पान भरलेलं आहे आणि तेही अर्धं.

आपली,
(सही)
सांगली