कापडी तंबू घेण्याआधी

नाशिक,
१४ ऑक्टोबर

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

दिंडोरीच्या बागेत पाहुण्यांसाठी दोन तंबू टाकायचे आणि तेच अधूनमधून कळसूबाईला न्यायचे, असा तुझा बेत दिसतोय. बागेसाठी कॅनव्हास, म्हणजे जाड सुती कापड, जरूर घे. डोंगरासाठी मात्र नायलॉनच. ४ मीटर व्यासाची कॅनव्हासची राहुटी खांब-मेखांसकट २५ ते ३० किलोच्या घरात जाते, आणि ओली झाली की एकट्याला उचलवत नाही. गाडी जिथवर जाते तिथवरच तिचं राज्य.

या कापडाचं सगळं बरंवाईट पाण्याशी बांधलेलं आहे. पाऊस लागला की सुती धागा फुगतो आणि विणीतली भोकं बुजतात. कोरडं असताना त्याच भोकांतून हवा खेळते. डिसेंबरात तुमच्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा नायलॉनच्या तंबूत श्वासाची वाफ छताला धरते आणि पहाटे अंथरुणावर ठिबकते. कॅनव्हासमध्ये हा त्रास फार कमी. पण थंडी वाजते म्हणून पाहुण्यांनी वरचे झरोके बंद केले, तर तोही आतून दमट होणारच.

नवा तंबू थेट पावसात उभा करू नकोस. आधी अंगणात ताणून पाइपने पुरता भिजव, शिवणींवर जास्त पाणी मार, आणि खडखडीत वाळू दे. असं दोन-तीनदा कर. सुईची भोकं शिवणीच्या सुती दोऱ्यानेच फुगून बुजायची असतात. शिवण पॉलिएस्टर दोऱ्याची असेल तर तो फुगत नाही, तिथे मेण घासावं लागतं. आणखी एक, भिजलेल्या कापडाला आतून खाट किंवा बॅग टेकलेली राहिली की त्याच जागी पाणी झिरपायला लागतं. म्हणून सामान भिंतीपासून वीतभर आत.

खरा शत्रू बुरशी. ओला तंबू घडी करून एक-दोन दिवस ठेवला तरी काळे ठिपके पडायला लागतात, आणि पडले की सहसा जात नाहीत. सकाळी दव पडलेलं असेल तर उन्हं चढेपर्यंत थांब. कापड वाळलं तरी शिवणी आणि खालची पट्टी ओली असते, तिला हात लावून बघ. जून ते सप्टेंबर तंबू उतरवूनच ठेव. त्या दिवसांत वाळवायला ऊन कुठून आणणार? ठेवताना जमिनीवर नको, फळीवर किंवा मांडणीवर. सूत म्हटलं की वाळवी आणि उंदीर आलेच.

जागा निवडताना आंब्याखाली जाऊ नकोस. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा टपकतो आणि त्यावर काजळी धरते. द्राक्षाच्या ओळींपासूनही अंतर ठेव, कारण फवारणीत स्टिकर घातलेला असतो. पाणी पानावर पसरावं म्हणून तो घालतात. कापडावर बसला तर तिथेही तेच करतो आणि पाणी निथळायचं सोडून मुरतं. याच कारणासाठी तंबू साबणाने किंवा धुण्याच्या पावडरने कधीच धुवायचा नाही. साधं पाणी, मऊ ब्रश, बस. पुढे थेंब घरंगळेनासे झाले की जलरोधक द्रावण नव्याने मारून घे.

उभारताना दार आधी बंद कर, मग जमिनीलगतच्या मेखा ठोक. दार उघडं ठेवून ठोकल्यास खालचा घेर जास्त ताणला जातो आणि नंतर चेन लागत नाही. मग मधला खांब, मग दाराचा, आणि शेवटी तणावे, म्हणजे तंबू ताणून धरणारे दोर, समोरासमोरच्या जोडीने. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक मेखा मुरमात वाकतात. १० मिलीमीटरच्या सळईचे दीड फुटी तुकडे वरून वाकवून घे आणि डोकं तंबूपासून बाहेर कलतं ठेवून ठोक. तणावे सुती असतील तर भिजून आखडतात आणि मेख उपटतात किंवा शिवण उसवतात, तेव्हा रात्री झोपण्याआधी थोडे सैल सोडायचे. खालची जाजम-ताडपत्री घेराबाहेर डोकावता कामा नये, नाहीतर छतावरचं पाणी तिच्यावरून थेट आत.

उन्हाचं म्हणशील तर जाड कापड सावली चांगली देतं आणि उन्हाने नायलॉनइतकं लवकर कुजत नाही. तरी एप्रिलच्या दुपारी बंद तंबूत कुणी बसू शकत नाही. भिंती गुंडाळून वर बांधता येतील असाच घे, म्हणजे तळ शिवलेला नको, चेनने जोडलेला हवा. शिवलेल्या तळाने विंचू-किडे अडतात हे खरं, पण बंद चेननेही बरेचसे अडतात.

शेगडी आत नेऊ द्यायची नाही, हे पाहुण्यांना स्पष्ट सांग. कापडातून हवा जाते म्हणून कोळशाचा विषारी वायू बाहेर पडेल, हा समज जिवावर बेतणारा आहे. शिवाय कॅनव्हास नायलॉनसारखा वितळून अंगाला चिकटत नसला तरी जळतोच.

विकणारे पॉलिकॉटन, म्हणजे सूत-पॉलिएस्टरचं मिश्र कापडही दाखवतील. ते हलकं असतं, सहज फाटत नाही, पण त्यातलं पॉलिएस्टर फुगत नसल्याने भिस्त जास्त करून वरच्या द्रावणावर. बागेसाठी मी निव्वळ सुती, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या पुढचंच घेईन. पैसे देण्याआधी कापडाचा तुकडा आणि तणाव्याचा हातभर दोर मागून घे. दोन्ही रात्रभर पाण्यात ठेव, सकाळी दोर मोजून बघ.

तुझा,
अनंत