न आलेल्यांची यादी: सत्तरी तालुक्यातल्या एका सिस्टरना आभारपत्र

आदरणीय सिस्टर,

स. न. वि. वि.

शोधनिबंधाच्या शेवटी आभाराचा परिच्छेद असतो. ‘उपकेंद्रातील कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले’ एवढं लिहिलं की तो संपतो. मधुमेह असलेल्यांना पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या आमच्या अभ्यासाच्या निबंधातही तेवढंच छापून येईल. पण ते सहकार्य म्हणजे नेमकं काय होतं, हे कुठेतरी सविस्तर लिहिलेलं असावं. गोव्यात पुढे असा अभ्यास करणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत. नाव घालू नका असं तुम्ही बजावलं होतं, ते पाळलं आहे.

गोव्यात मधुमेह किती, हे आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी सर्वेक्षणाच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत आपला पहिला नंबर. पण या माणसांच्या डोळ्यांचं, मूत्रपिंडांचं, पायांचं पुढे काय होतं आणि किती वर्षांत होतं, हे कळायला तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासावी लागतात. बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातले, वॉर्डातले पेशंट मोजून भागत नाही, कारण तिथवर पोचलेल्याला बहुधा उशीर झालेला असतो. डोळ्याचा पडदा बिघडायला लागला तरी दिसत असतं. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जायला लागलं तरी काही दुखत नाही. अशी माणसं वाड्यावरच असतात, आपापल्या कामात.

आणि पुन्हा बोलावलं की सगळी येत नाहीत. असल्या अभ्यासांचं खरं दुखणं हेच. न येणाऱ्यांत दोन टोकांची माणसं असतात. एकाला काहीच होत नसतं, त्याला काजूच्या हंगामात भाट, म्हणजे बागायत, सोडून यायला वेळ नसतो. दुसऱ्याच्या तळपायाला जखम असते, नाहीतर आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, तो कदंबच्या बसमध्ये चढणार कसा? दोघांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं की हिशेब बिघडतो, आणि कुठल्या बाजूने बिघडला तेही कळत नाही. दुसऱ्या प्रकारची माणसं गळाली तर कागदावर गाव निरोगी दिसतं. अमेरिका आणि कॅनडातल्या डीसीसीटी या उपचार-चाचणीचा १९९३चा निकाल आजही प्रमाण मानतात. टाइप १ मधुमेहात साखर काटेकोर आटोक्यात ठेवली तर, सुरुवातीला डोळे चांगले असलेल्यांत पडद्याच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो, असं तिने दाखवलं. त्या १,४४१ जणांपैकी ९९ टक्के शेवटपर्यंत टिकले होते. निकालाचं वजन त्यात आहे, पण ते फारसं कोणी सांगत नाही.

तुम्ही आमच्या छापील फॉर्मवरचा ‘गैरहजर’ रकाना खोडून पाच रकाने केलेत: वारले, गाव सोडलं, नको म्हणाले, घर बंद, आजारपणामुळे येता येत नाही. वारलेल्यांपुढे तारीख आणि घरच्यांनी सांगितलेलं कारण. घर बंद असेल तर वेगळ्या वेळी दुसरी फेरी. येता न येणाऱ्यांची तपासणी घरी जाऊन. आणि ‘नको’ म्हणणाऱ्यांकडे पुन्हा अभ्यासाचा विषय नाही, त्यांच्या गोळ्या मात्र उपकेंद्रातून पूर्वीसारख्याच चालू. अभ्यासातून कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं, हे संमतिपत्रात लिहिलेलं असतं. ते असं पाळलेलं क्वचित दिसतं.

संमतिपत्राचंच घ्या. वाचून दाखवल्यावर ‘कळलं ना?’ असं विचारलं की सगळेच मान डोलावतात. तुम्ही समोरच्याला त्याच्या शब्दांत सांगायला लावत होता: रक्त किती काढणार, कशासाठी, निकाल कोणाला कळणार. अंगठा उठवणाऱ्यासाठी साक्षीदार लागतो, आणि तो अभ्यासाशी संबंध नसलेला हवा. ‘मी तुमच्या कामात आहे, मी सही करणार नाही’ हे तुम्ही आम्हाला सांगितलंत, आम्ही तुम्हाला नाही.

आता पायांची तपासणी. तळपायाची संवेदना तपासायचा, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा मोनोफिलामेंट दिसायला नायलॉनची काडी, पण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. पद्धत अशी: काडी आधी पेशंटच्या हातावर टेकवून दाखवायची, मग डोळे मिटायला सांगायचे. अंगठ्याचा तळ, अंगठ्याच्या बुडाशी चवड्याचा उंचवटा आणि करंगळीच्या बुडाशी चवड्याचा उंचवटा, या तीन जागा. काडी सरळ टेकवायची, ती वाकेपर्यंत दाबायची आणि उचलायची. सगळं मिळून दोनेक सेकंद. घासायची नाही. प्रत्येक जागी तीनदा विचारायचं, त्यातल्या एकदा काडी लावायचीच नाही. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर संवेदना शाबूत. ती खोटी खेप वगळली की तपासणी गेली, कारण सिस्टरांना बरं वाटावं म्हणून प्रत्येक वेळी ‘होय’ म्हणणारी माणसं वाड्यावाड्यांवर आहेत.

कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, अनवाणी राबणाऱ्याच्या चवड्यावर जाड घट्टा असतो. त्यावर काडी दाबली तर चांगल्या नसाही बधिर ठरतात, म्हणून घट्ट्याच्या कडेला टेकवावी लागते. हे पुस्तकात असतं. पावसाळ्यातली गंमत मात्र पुस्तकात एका ओळीत उरकतात: नायलॉन हवेतली ओल शोषतं आणि नरम पडतं, मग काडी दहा ग्रॅमच्या आधीच वाकते. निरोगी पायही बधिर निघू लागतो. सतत वापरानेही तेच होतं. म्हणून दहा पेशंट झाले की काडीला दिवसभर विश्रांती द्यायची असते. सिलिकाच्या पुड्या घातलेला डबा, प्रत्येक काडीला नंबर, कुठली कधी वापरली त्याची चिठ्ठी, ही व्यवस्था तुमची. जुलैतल्या आणि जानेवारीतल्या नोंदी आम्ही शेजारी शेजारी ठेवू शकतो ते त्या डब्यामुळे.

लघवीच्या नमुन्याबाबतही तसंच. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर गेलं की मूत्रपिंडाकडे बघायचं, पण एका नमुन्यावर शिक्का मारायचा नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वर आले तरच. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीचं अंगमेहनतीचं काम, यांतल्या कशानेही आकडा तात्पुरता चढतो. ‘काल काय काम केलंत?’ हा प्रश्न आमच्या फॉर्मवर नव्हता. दिवसभर काजूच्या पाट्या वाहिलेल्या माणसाचा नमुना तुम्ही घेतला नाहीत, आठवड्याने परत बोलावलंत. शिवाय पहाटेची पहिलीच लघवी हवी, म्हणून बाटल्या आदल्या संध्याकाळी घरोघर पोचवल्यात. नमुने फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, २ ते ८ अंशांवर. वरच्या फ्रीझरमध्ये ठेवलं की जास्त टिकेल असं वाटतं, पण उणे २० अंशांवर अल्ब्युमिन हळूहळू घटतं आणि आजारी माणूस चांगला ठरतो.

रक्ताचं थोडक्यात. साखरेसाठी करड्या झाकणाची फ्लोराइडची नळी, कारण साध्या नळीत पेशी साखर खात राहतात आणि तासाला ५ ते ७ टक्के घट होते. एचबीए१सीसाठी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीसाठी, जांभळ्या झाकणाची. लोह कमी असेल तर एचबीए१सी उगाच जास्त येतं, अलीकडे रक्त चढवलेलं असेल तर तो आकडा विश्वासाचा राहत नाही. दोन्हींची नोंद तुमच्या चिठ्ठ्यांवर होती. चवथीच्या आठवड्यात कॅम्प लावू नका, हेही तुम्हीच सांगितलंत. घराघरांत नेवऱ्या (करंज्या) असताना उपाशीपोटी कोण येणार!

डोळ्यांचे फोटो काढणं कॅमेऱ्याचं काम, त्यात तुमचा हात दोन ठिकाणी लागला. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, म्हणून स्कूटरवर एकटं येऊ नका, घरचं कोणीतरी आणा, असा निरोप आधीच गेला होता. आणि मोतीबिंदूमुळे ज्यांचा फोटो वाचता येत नव्हता त्यांना तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणून घरी धाडलं नाहीत. न वाचता येणारा फोटो म्हणजे चांगला डोळा नव्हे. अशांना नेत्रतज्ज्ञाकडेच जावं लागतं. तुम्ही त्यांची वेगळी यादी दिलीत आणि ते गेले की नाही याचा पाठपुरावाही केलात.

एक तक्रार आहे. ज्यांच्या पायाची संवेदना गेली त्यांना एमसीआर (मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या) तळव्याच्या चपला मिळाव्यात म्हणून तुम्ही अर्ज लिहून दिलेत, त्यात आमची सही घेतलीत आणि स्वतःची टाळलीत. पुढच्या वेळी दोन्ही सह्या हव्यात.

आपले कृतज्ञ,
अभ्यासगटातले सर्वजण

ता. क. : नव्या काड्यांची पेटी वाळपईला पोचती केली आहे. जुन्या काड्या टाकून द्या, सुटीत ठेवलेल्यासुद्धा. ज्यांचा लघवीचा एकच नमुना वर आला आहे त्यांची यादी सोबत जोडली आहे. त्यांचा दुसरा नमुना काजूचा हंगाम सरल्यावर, पाऊस लागण्याआधी घेता आला तर बरं. आणि ते पाच रकाने आता छापील फॉर्मवर घेतले आहेत. सहावा हवा असेल तर छपाईआधी कळवा.