ठेवीदारांना आदेश नको, वसुलीची वाट सांगा

मा. संपादक,
स. न.

पतसंस्थेच्या ठेवीदारांना ‘दिलासा’ मिळाल्याची बातमी कालच्या अंकात वाचली. ग्राहक आयोगाने ठेव व्याजासह परत करायला सांगितली, इथवर बातमी ठीक. पण त्याखालच्या चौकटीत ‘१९१५ वर तक्रार नोंदवा, पैसे परत मिळतील’ असा सल्ला छापला आहे, तो वाचून संताप झाला. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन तक्रार संस्थेकडे पाठवते आणि तडजोडीचा प्रयत्न करते. कुणाला पैसे द्यायला भाग पाडण्याचा अधिकार तिला नाही. ज्या शाखेला टाळे लागले आहे, तिथे ती तक्रार उघडणार कोण?

ठेवीदाराचे सगळ्यात मोठे नुकसान आयोगात जायच्या आधी, शाखेच्या काउंटरवरच होऊन गेलेले असते. मुदत संपली की तो पावती घेऊन जातो. मॅनेजर पावतीच्या पाठीमागे रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवतो, त्यावर सही घेतो, ‘चेक तयार होतोय, सोमवारी या’ म्हणतो आणि मूळ पावती ड्रॉवरमध्ये टाकतो. ती सही म्हणजे रक्कम पोचल्याची कबुली. सोमवार उलटतो, चेक येत नाही आणि पुढे तीच पावती ‘ठेव परत केली’ म्हणून आयोगातल्या संस्थेच्या कैफियतीला (लेखी उत्तराला) जोडलेली दिसते. ठेवीदाराकडे झेरॉक्ससुद्धा नसते. चेक हातात पडल्याशिवाय मागे सही करायची नाही, आणि करायची वेळ आलीच तर सहीच्या वर चेकचा क्रमांक, तारीख आणि ‘चेक वटल्यास’ हे शब्द स्वतःच्या हाताने लिहायचे, एवढे जरी चौकटीत छापले असते तरी कितीतरी घरे वाचली असती. झेरॉक्स पावतीच्या दोन्ही बाजूंची हवी, कारण नूतनीकरणाच्या नोंदी मागेच असतात. पिग्मीवाल्यांचे (एजंटकडे रोज थोडी थोडी रक्कम भरणाऱ्यांचे) आणखी वेगळे. एजंटच्या यंत्रातून निघणारी चिठ्ठी थर्मल कागदाची असते, ती काही महिन्यांत कोरी पडते. तिचा फोटो त्याच दिवशी काढावा आणि पासबुक एजंटच्या पिशवीत राहू देऊ नये.

चेक न वटता परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती पोचल्यावर १५ दिवसांची वाट आणि त्यानंतर एका महिन्यात फौजदारी न्यायालयात चेक न वटण्याच्या गुन्ह्याची, म्हणजे परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ ची तक्रार. ‘पुढच्या आठवड्यात नक्की देतो’ या शब्दावर लोक थांबतात आणि मुदत निघून जाते. मॅनेजरला नेमके तेच हवे असते.

आता आयोगाबद्दल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य आहे आणि ५० लाखांपर्यंतची तक्रार जिल्हा आयोगात चालते. ठेवीदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते, शाखेच्या गावी खेटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रारीत एक चूक वारंवार होते. रागापोटी अध्यक्षाचे नाव घातले जाते आणि संस्था राहून जाते. सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) म्हणून आधी संस्था हवी, प्रशासक किंवा अवसायक (संस्था गुंडाळण्यासाठी नेमलेला अधिकारी) नेमला असेल तर तोही हवा. संचालकांना वैयक्तिक जबाबदार धरायचे असेल तर कुणी काय केले ते लिहावे लागते. सहकार कायद्याच्या कलम ८८ खालच्या चौकशीत जबाबदारी निश्चित झाली असेल तर तो आदेश जोडावा, नाहीतर संचालक सहज निसटतात. अवसायनाचा, म्हणजे संस्था गुंडाळण्याचा आदेश झाल्यावर त्याच कायद्याच्या कलम १०७ नुसार निबंधकांची परवानगी घेतली नाही असा आक्षेप निघतो. म्हणून परवानगीचा अर्ज आधीच द्यावा आणि अवसायकाकडे आपला दावाही लेखी नोंदवून त्याची पोच घ्यावी.

बातमी जिथे संपते तिथून ठेवीदाराचे खरे काम सुरू होते. संस्थेला अपील करायचे तर ४५ दिवसांत करावे लागते आणि त्यासाठी आदेशाच्या निम्मी रक्कम भरावी लागते. ती भरली आहे का, हे राज्य आयोगात जाऊन पाहावे. अपील नसेल तर वसुलीचा अर्ज. इथे बहुतेक लोक फक्त ग्राहक कायद्याच्या कलम ७२ खाली जातात, कारण त्यात तुरुंगवास आहे. मॅनेजर आत गेल्याचे समाधान मिळते, पैसे मिळत नाहीत. पैशासाठी त्याच कायद्याचे कलम ७१ आहे, त्याखाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी जप्ती होते. पण जप्त काय करायचे ते ठेवीदारालाच दाखवावे लागते. संस्थेची बँक खाती, इमारतीचा सिटी सर्व्हे उतारा आणि मुख्य म्हणजे थकबाकीदार कर्जदारांवरचे सहकार कायद्याच्या कलम १०१ चे वसुली दाखले. ठेवीचा पैसा त्या कर्जांत अडकलेला असतो. दाखले किती निघाले आणि त्यांतली वसुली किती झाली, ही माहिती उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून मागता येते. अपहार झाला असेल तर १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली (एमपीआयडी) पोलिसांत गुन्हाही नोंदवावा. त्यात सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत मालमत्ता जप्त होते. तिथे आपले नाव आणि रक्कम ठेवीदारांच्या यादीत बरोबर चढली आहे ना, हे स्वतः पाहावे.

जाता जाता आणखी एक. ज्या पानावर ही बातमी होती, त्याच्या पाठच्या पानावर ‘सुरक्षित ठेव, आकर्षक व्याज’ अशी एका मल्टिस्टेटची (एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या पतसंस्थेची) पाव पान जाहिरात आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला तो नाही. मग ‘सुरक्षित’ हा शब्द कशाच्या जोरावर छापला? जाहिरातीचे पैसे घ्या, त्याला हरकत नाही. पण यापुढे अशा प्रत्येक जाहिरातीत संस्थेचा नोंदणी क्रमांक, शेवटच्या लेखापरीक्षणाचा वर्ग आणि ‘या ठेवीला विमा संरक्षण नाही’ हे वाक्य ठळक अक्षरांत असल्याशिवाय ती स्वीकारू नये, ही विनंती. कालची चौकटही दुरुस्त करून पुन्हा छापावी, तिच्यावर विसंबून कुणाची दोन वर्षांची मुदत जायला नको.

आपला,
ग्राहक मार्गदर्शनाचे काम करणारा एक वाचक, सोलापूर